आईच्या कपाटाला रंग

दौंड, १४ नोव्हेंबर २०२४

जशी,

सलाम. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र फाडलं नसशील असं धरून लिहायला बसलेय. माझा नंबर तू बंद करून ठेवलास ते एका अर्थी बरंच झालं. मी फोनवर बोलायला लागले की पप्पा हातातून फोन ओढून घेतात आणि 'गार्ड एबनेझर बोलतोय' म्हणून सुरू होतात. परवा गॅसवाल्याला त्यांनी मालगाडी कुठं अडकलीय ते विचारलं. तो बिचारा म्हणाला, बाबा, गाडी सिलेंडर उतरवतीय. तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं.

लिहायचं कारण एकच. आईचं सागवानी कपाट मी रंगवणार आहे. ते तुला द्यायचं असं आई जाण्याआधी सगळ्यांसमोर बोलली होती. म्हणून तुला न विचारता ब्रश लावावासा वाटेना.

पप्पांचा विसरण्याचा आजार आता बराच पुढं गेलाय. जुन्या रेल्वे क्वार्टरमध्ये त्यांच्या पलंगाच्या डाव्या हाताला बाथरूमचं दार होतं, आठवतं? या घरात त्या जागी कपाट आहे. तसंच उंच, तसंच काळपट, तशीच पितळी कडी. झोपेतून उठले की ते सरळ जातात, कडी काढतात आणि आत उभे राहतात. पुढचं लिहीत नाही, तुला समजलं असेल. खालच्या कप्प्यात आईच्या साड्या होत्या. सगळ्या धुऊन घेतल्या. अंजिरी साडी वाचली नाही. बाकीच्या वाचल्या.

बाथरूमच्या दाराला पांढरा रंग देऊन पाहिला. दिवा चोवीस तास चालू ठेवून पाहिला. कपाटाला कुलूप घातलं, तर ते दार बडवत बसतात. 'आत कोण आहे? आटपा लवकर!' शेजारी ऐकतात. कपाट दुसरीकडं न्यायचं तर ते खोलीच्या दारातून निघत नाही, पायच खोलावे लागतील आणि ते खोलताना मोडतील. शेवटी शेजारच्या प्रतिभाताई म्हणाल्या, कपाट दारासारखं दिसूच नये असा काहीतरी रंग द्या, लख्ख पिवळा वगैरे. मला पटलं.

सागवानावर ऑइलपेंट म्हटल्यावर तुला राग येईल हे माहीत आहे. रंगाच्या दुकानातल्या जालिंदरलासुद्धा आला. म्हणाला, "ताई, सागवान हाय त्ये. पॉलिश मारा की. त्याच्यावर पिवळा रंग म्हंजी पैठणीला गोणपाटाचं ठिगळ." त्याला काय सांगणार? म्हटलं, पिवळाच द्या.

बाकी ठीक. मी शाळेतून थोडी सुट्टी घेतलीय. कपाट सरकवायला गेले तेव्हा उजवं मनगट मुरगळलं, म्हणून अक्षर असं आलंय. तुझी जॉय आता बारावीला ना? तिला माझा पापा.

तू नको म्हणालीस तर रंगवणार नाही. महिनाअखेरपर्यंत वाट बघते.

तुझी
ताई


दौंड, ६ डिसेंबर २०२४

जशी,

तुझं उत्तर आलं नाही. नको म्हणाली नाहीस याचा अर्थ मी चालेल असा लावला. वर्गात विचारलं की पोरं गप्प बसायची, तेव्हाही मी असाच अर्थ लावून पुढचा धडा सुरू करायचे.

तर काम सुरू झालंय. जुनं पॉलिश घासून काढल्याशिवाय रंग धरत नाही म्हणाला जालिंदर, म्हणून पॉलिश पेपर आणला आणि परवा दुपारी जेवणं झाल्यावर बसले. मनगटानं लगेच दम तोडला. डाव्या हातानं घासत होते. पप्पा पलंगावर बसून बघत होते. दुपार ही त्यांची सगळ्यात वाईट वेळ. त्या वेळेला त्यांना ड्युटीवर जायचं असतं, बूट सापडत नसतात, आणि ते मीच लपवलेत असं त्यांचं म्हणणं असतं. (लपवते मी, खरंय ते.)

ते उठून आले. मला वाटलं आता बुटांवरून सुरू होणार. तर म्हणाले, "बाई, असं आडवं घासू नका. लाकडाच्या रेषेनं घासा." आणि माझ्या हातातला कागद घेऊन खाली बसले. मांडी घातली, जशी! गुडघे दुखतात म्हणून ज्यांनी चर्चमध्ये गुडघे टेकायचं सोडलं ते.

तेव्हापासून ते घासतायत. मध्येच थांबतात, फुंकर मारून भुसा उडवतात, तळवा फिरवून बघतात, पुन्हा सुरू. तोंडाला रुमाल बांधून दिलाय, तो ते काढत नाहीत. एरवी अंगावर स्वेटरसुद्धा ठेवत नाहीत. बूट नाहीत, ड्युटी नाही, ओरडणं नाही. घासून झाल्यावर भूक लागली म्हणाले आणि ताटातलं सगळं जेवले.

मी चहा केला आणि गरम असताना प्याले. हे लिहिण्यासारखं नाही असं तुला वाटेल. पण मी कप हातात घेऊन खिडकीशी उभी होते आणि कुणी मला हाक मारत नव्हतं. कपाच्या तळाशी साय वाळेपर्यंत उभी राहिले.

एक सांगू का नको असं झालंय. घासता घासता त्यांनी विचारलं, "जशी आली का शाळेतून?" मी म्हटलं, येईल. म्हणाले, "तिला सायकल घ्यायला पाहिजे. चालत येते पोरगी." त्यांच्या डोक्यात तू नववीत आहेस. तुझं लग्न झालं नाही, विक्रमराव नाहीत, जॉय नाही. आईच्या मयतीच्या दिवशी त्यांनी तुम्हा दोघांना फाटकाबाहेर उभं केलं, घरात पाऊल ठेवू दिलं नाही, शवपेटी बाहेर आली तेव्हा तू रस्त्यावरून आईचं तोंड पाहिलंस, ते काहीच नाही. पुसलं गेलंय सगळं.

हे मी तू मन मोठं करावंस म्हणून लिहीत नाही. 'म्हातारे झालेत, सोडून दे' हे वाक्य मी आता बोलायचं सोडून दिलंय. त्याच वाक्यावरून तू माझा नंबर बंद केलास ना? बरोबर केलंस. फक्त सांगितल्याशिवाय राहवेना.

ताई


दौंड, ३० डिसेंबर २०२४

जशी,

नाताळाच्या शुभेच्छा, उशिरानं. केंदूरच्या तुझ्या सासूबाईंना आणि विक्रमरावांना माझा नमस्कार सांग.

कपाट झालं. आधी प्रायमर, मग जिथं चिरा होत्या तिथं लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, ती घासली, मग पिवळ्याचे दोन हात. खोलीत आल्यावर डोळे दिपतात. जालिंदर बघायला आला होता. कपाळाला हात लावून म्हणाला, "ताई, शाळंची बस दिसाय लागली." पास्टरसाहेब प्रार्थनेला आले, त्यांना काय बोलावं सुचेना, ते म्हणाले, प्रसन्न वाटतंय.

पण उपयोग झाला. पहिल्या दिवशी पप्पा उठले, कपाटासमोर आले, थबकले. मी दारात उभी. त्यांनी कपाटाकडं पाहिलं, मान हलवली, वळले आणि बाथरूममध्ये गेले. मी तिथंच उंबऱ्यावर बसून रडले. आनंदानं नव्हे, दमून. परीक्षा संपली की कसं होतं तसं.

आठवडाभर चांगला गेला. नाताळात मी करंज्यासुद्धा केल्या, थोड्याच. पण रंगवायचं संपलं तसं त्यांच्या हाताला काम राहिलं नाही. दुपारी पुन्हा बूट. पुन्हा 'मला कोंडून ठेवलंय' म्हणून खिडकीतून लोकांना हाका. आणि गेल्या शुक्रवारी मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, तेवढ्यात ते बाहेर पडले. कडी काढून. अनवाणी.

पुढचं थोडक्यात लिहिते. मी आणि प्रतिभाताईंनी सगळी आळी पालथी घातली. मला आधीच सुचायला हवं होतं. ते स्टेशनवर होते. प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला, जिथं मालगाडीचा शेवटचा डबा थांबतो तिथं, रुळाच्या कडेला उभे. पोलिसातल्या एका पोरानं त्यांचा दंड धरला होता. मला म्हणाला, "आजी, ह्यांना सांभाळा. आज मी बघितलं म्हणून." मी त्रेपन्न वर्षांची आहे, जशी. त्याला मी आजी वाटले. घरी येऊन आरशात पाहिलं, तर त्याची काही चूक नव्हती.

पप्पा रिक्षात शांत होते. माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, तुम्ही फार दमलेल्या दिसताय. तुमच्या घरी कुणी नाही का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी बूट सुरू झाले तसा मी पॉलिश पेपर आणला. त्यांना पिवळ्या कपाटासमोर बसवलं आणि म्हटलं, हा रंग खराब लागलाय, काढायचाय. ते बसले. आणि घासायला लागले.

आता पिवळा निघतोय. कोपऱ्यातून खालचं सागवान दिसायला लागलंय. नवीन वर्षात हिरवा द्यावा म्हणते.

ताई


दौंड, १९ जानेवारी २०२५

जशी,

काल प्रतिभाताईंच्या फोनवर तुझा आवाज ऐकला पण सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून आज लिहून सांगते.

तू विचारलंस, "मी आले तर कशासाठी येऊ? ते विसरले म्हणजे ते सुटले. मग मी ज्याला जाब विचारायचा तो माणूस कुठाय?" मला उत्तर माहीत नव्हतं, आजही नाही. मी रोज ज्यांना भरवते ते हेच गृहस्थ का, असं मलाही वाटतं. ज्यांनी तुला फाटकाबाहेर ठेवलं ते कधीतरी घरातून निघून गेले, आणि त्यांच्या जागी हे दुसरेच कुणी मांडी घालून कपाट घासत बसलेत. राग यायला त्यांनी जागाच ठेवली नाही. तुझं बरोबर आहे. हा अन्यायच आहे.

मग तू म्हणालीस, ताई, तू कशी आहेस. मी बरी आहे म्हटलं. ते खोटं होतं.

तर ऐक. शाळेतून मी सुट्टी घेतलेली नाही. जूनमध्येच नोकरी सोडली. पप्पांना सांभाळायला ठेवलेल्या रंभाबाई त्यांच्या आरडाओरड्याला भिऊन यायच्या बंद झाल्या, आणि दुसरं कुणी मिळेना. मनगट कपाटानं मुरगळलं नव्हतं. पप्पांनी पिरगाळलं. मी त्यांचा लेंगा बदलत होते, त्यांना वाटलं कुणी परकी बाई अंगाशी येतीय. त्यांना नंतर काही आठवलं नाही. मनगटाला पट्टा बघून म्हणाले, पडलात का बाई?

मला राग येत नाही. रागाला पण अंगात ताकद लागते. मी नुसती कामं करते. उठवणं, धुणं, भरवणं, पुसणं, दाराला कडी, गॅस बंद, बूट लपवणं. चर्चमध्ये लोक म्हणतात, मर्सीबाई, तुम्हाला स्वर्गात मुकुट मिळेल. मी मान हलवते. मला मुकुट नको. मला दार लावून झोपायचंय.

हिरवा देऊन झाला आणि घासूनही झाला. आता आकाशी चालू आहे. जालिंदरकडं पुन्हा रंग घ्यायला गेले तेव्हा तो काळजीत पडला. "ताई, रंग उडाला व्हय? माझा माल तसा न्हाई वो." मी त्याला खरं सांगितलं. त्यानं पॉलिश पेपरची अख्खी गड्डी दिली आणि म्हणाला, "तुमच्या आप्पांना म्हणावं, घाई न्हाई. निवांत घासा."

एक मात्र तुला सांगायलाच हवं. दरवेळी रंगाबरोबर थोडं लाकूडही जातंय. दाराच्या कडा गोल झाल्यात, वरची नक्षी पुसट झालीय. कपाट तुझं आहे. अजून थांबवता येईल.

ताई


शिरूर, ६ फेब्रुवारी २०२५

जशी,

तुझ्या घरात, तुझ्या डायनिंग टेबलावर बसून तुला पत्र लिहितेय, गंमतच आहे. उद्या सकाळी विक्रमराव दौंडला येतायत, त्यांच्याबरोबर पाठवते. तू आता माझा नंबर सुरू केलायस, फोन करता आला असता. पण फोनवर तू नुसतं 'कधी येतेस' म्हणालीस तरी मी लगेच 'निघते' म्हणेन. मला माझी सवय माहीत आहे. म्हणून कागद.

गेल्या शनिवारी दार वाजलं तेव्हा मी समजले दूधवाला. तू बॅग घेऊन उभी. आपण दोघी काय बोललो ते मला खरंच आठवत नाही. पप्पांचं मात्र सगळं आठवतंय. त्यांनी तुला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "आपण कोण?"

तू म्हणालीस, "जस्मिन."

"आमच्या मुलीचं पण हेच नाव. ती शाळेत गेलीय. बसा." आणि तुझ्या हातात पॉलिश पेपरचा तुकडा दिला.

मी स्वयंपाकघरात गेले. तुला वाटलं असेल मी ऐकत नव्हते. मी ओट्याला धरून उभी होते. तू घासत घासत त्यांना सगळं सांगितलंस. एका माणसाची मुलगी होती, तिनं दुसऱ्या समाजातला मुलगा केला, म्हणून बापानं तिला तिच्या आईच्या मयतीला घरात येऊ दिलं नाही, कडेवर लहान लेकरू होतं, ऊन होतं, कुणी तिला बस म्हणालं नाही. तुझा आवाज कुठंच चढला नाही. मला वाटत होतं, चढवावास.

पप्पांचा हात थांबला. ते म्हणाले, "वाईट केलं हो. फार वाईट केलं. कोण होता तो?"

तू म्हणालीस, "होते एक."

"मला नाव सांगा. मी बोलतो त्याच्याशी. आईच्या मयतीला कुणी असं करतं का?" त्यांचे डोळे भरले होते. मी दाराच्या फटीतून पाहिलं. तुझे भरले होते की नाही ते दिसलं नाही, तुझी पाठ होती. तू फक्त म्हणालीस, "आता ते नाहीत." आणि दोघं पुन्हा घासायला लागलात.

मी तुला विचारलं नाही, त्यानं काही हलकं झालं का. विचारणारही नाही. संध्याकाळी तू आत आलीस आणि म्हणालीस, "बॅग भर ताई. सकाळच्या गाडीनं शिरूरला माझ्या घरी जा. मी आहे इथं." मी म्हटलं, तुझं पार्लर? तू म्हणालीस, लग्नसराईच्या नवऱ्या दुसरीकडं जातील. आणि मला ढकलून बाहेर काढलंस.

न्हावऱ्याच्या रस्त्यानं येताना खिडकीला डोकं टेकलं ते शिरूर स्टँडवर कंडक्टरनं उठवलं.

इथं आल्यापासून मी झोपतेय. जेवते आणि झोपते. तुझ्या सासूबाई केंदूरहून आल्यात, माझ्यासाठीच आल्यात हे मला नंतर कळलं. पहिल्या दिवशी मी भांडी घासायला उठले, तर त्यांनी माझ्या हातातली तारेची घासणी काढून घेतली. "निज पोरी. हितं तुला कुणी हाक मारायचं न्हाई." मी म्हटलं, दिवसा झोप येत नाही. म्हणाल्या, "मग डोळं मिटून पड. त्येबी चालतंय." जॉय कॉलेजला जाताना खोलीचं दार हळूच ओढून घेते. आवाज होऊ नये म्हणून ती कडीवर बोट ठेवते, मी पाहिलंय. विक्रमराव कंपनीतून येताना रोज काहीतरी आणतात, काल सीताफळाचं आइस्क्रीम होतं. ते मला विचारत काही नाहीत. फार चांगला माणूस आहे गं. पप्पांना कधी कळलंच नाही.

काल पहिल्यांदा बाहेर पडले, नदीपर्यंत. परत येताना एका दुकानात मला माझ्यासाठी चप्पल घ्यावीशी वाटली. काहीतरी हवंसं वाटून किती दिवस झाले होते, आठवेना. घेतली.

मी रविवारी परत येईन असं सांगून निघाले होते. जशी, मला रविवारी यायचं नाही.

लिहिलं एकदाचं. आता फाडायचं नाही म्हणून पेन खाली न ठेवता पुढं लिहितेय. पप्पांना मी टाकणार नाही. माझी त्यांच्यावर माया आहे, तुझ्यापेक्षा मला ते जास्त मिळाले. पण त्या घराचं दार डोळ्यांसमोर आलं की मी पुन्हा पांघरूण ओढून घेते. अजून काही दिवस मला हवेत. किती, ते मला सांगता येत नाही. पुढं आलटून पालटून करता येईल का, थोडे दिवस तू, थोडे मी, का पप्पांनाच इथं आणायचं, ते तू आणि विक्रमराव बोला. मी तुम्ही म्हणाल त्याला तयार आहे, फक्त पुन्हा एकटीनं नाही. हे मी कुणाकडं कधी मागितलं नाही. कसं मागतात तेही माहीत नाही, चुकलं असेल तर सांभाळून घे.

तुझं काम बुडतंय, लेक बारावीला आहे, सगळं मला कळतं. जमणार नसेल तर विक्रमरावांकडं निरोप दे. मी बॅग भरून ठेवलीय.

नाही, खोटं लिहिलं. बॅग मी भरलेली नाही.

तुझी
मर्सी